एक धड की भाराभर चिंध्या?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मध्यंतरी आमच्या गल्लीतला एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. बी.कॉम. झालेला, एका दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री इंटरनेटवर लेख लिहितो. क्रिकेटवर लिहितो, सिनेमावर लिहितो, निवडणुका आल्या की राजकारणावर लिहितो, पाऊस लांबला की शेतीवर. मला म्हणाला, ‘‘सर, सगळे सांगतात की एकच विषय धर. लोक तुला त्या विषयाचा माणूस म्हणून ओळखतील. पण मला तर सगळंच लिहावंसं वाटतं. काय करू?’’

मी कवी आहे. तीस वर्षं एका पतसंस्थेत कारकुनी करत कविता लिहितो आहे. या मुलाला चटकन उत्तर देण्याइतकी अक्कल मला आहे, असं मला वाटत होतं. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण तोंडावर आलीच होती. पण ती तिथंच अडली. का अडली, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझे अब्बा कल्हईवाले होते. बार्शीच्या आसपासच्या गावांतून ते फिरायचे. गावात शिरलं की चावडीजवळ जमिनीत छोटा खड्डा करायचा, भात्याची नळी त्यात सोडायची, कोळसे पेटवायचे. तोपर्यंत आयाबाया पितळेची पातेली, तपेली, ताटं-वाट्या घेऊन जमायच्या. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे तेव्हा घरोघर ठाऊक होतं. माझं काम पातेली घासण्याचं. मोठ्या पातेल्यात वाळू नि राख टाकून मी उभा राहायचो आणि कमरेतून गोल गोल फिरायचो. मग अब्बा ते पातेलं भट्टीवर धरून तापवायचे, नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा. कथलाची कांडी एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते कथील आतून असं फिरवायचं की सगळं भांडं चांदीचं दिसायला लागे. पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. या सगळ्यात बोळा फिरवण्याचा जो क्षण आहे, तो एखादा श्वास इतकाच. लवकर फिरवला तर कथील धरत नाही, उशीर झाला तर जळून जातं. तो क्षण अब्बांच्या मनगटात होता. त्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही.

माझे चाचा याच्या उलट. ते स्टो दुरुस्त करायचे, कुलपांच्या किल्ल्या करायचे, छत्र्यांच्या काड्या बसवायचे, पत्र्याच्या डब्यांना डाग द्यायचे, बॅटऱ्या उघडून बघायचे. जे येईल ते. अब्बा त्यांना हसायचे. म्हणायचे, ‘‘तेरे हात को एक घर नै.’’

पुढे काय झालं, ते तुम्ही ओळखलं असेल. स्टीलची भांडी आली. ॲल्युमिनियम तर आधीच आलं होतं. लग्नात आहेर म्हणून स्टीलचा डबा द्यायची रीत पडली आणि पितळ माळ्यावर गेलं. मी आठवी-नववीत असताना अब्बांच्या भात्याला महिना महिना हवा लागत नसे. चाचांनी मात्र स्टो सोडून कुकर धरला, कुकरच्या शिट्ट्या नि रबर विकायला लागले, मग गॅसच्या शेगड्या. आमच्या घरची चूल त्या दिवसांत चाचांच्या पैशावर पेटली, हे मी कबूल केलं पाहिजे. माझी बी.ए.ची फीसुद्धा.

तेव्हा ‘एकच काम धर’ असं त्या मुलाला सांगताना मला अब्बांचा थंड भाता आठवला. पण गोष्ट इथं संपत नाही. एखाद्या आचाऱ्याची तांब्याची मोठी डेग यायची, एखाद्या हलवायाची परात यायची. चाचांकडेच यायची, कारण दुकान त्यांचं. आणि चाचा ती डोक्यावर घेऊन घरी यायचे नि अब्बांपुढे ठेवायचे. म्हणायचे, ‘‘भाई, ये मेरे बस का नै.’’ वर्षातून पाच-सहा वेळा. त्या दिवशी अब्बांचा चेहरा काही वेगळाच असायचा.

आता लेखनाकडे येतो. एका विषयात मुरलेली माणसं मराठीत थोडी नाहीत. यू. म. पठाण सरांचं नाव घेतो. महानुभाव साहित्य आणि संतसाहित्य या क्षेत्रात त्यांनी उभी हयात घातली. सांकेतिक लिपीतल्या पोथ्या, त्यांचे पाठ, त्यांची भाषा हे काम येरागबाळ्याचं नव्हे, आणि ते दोन-चार वर्षांत उरकतही नाही. 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आज हे येईल, उद्या ते येईल असं करून हे काम झालं नसतं.

मारुती चितमपल्लींचं उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. वनखात्यात नोकरी केली, जंगलात राहिले आणि जंगलावरच लिहिलं. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 सालच्या जून महिन्यात सोलापुरातच ते गेले. वरवर पाहिलं तर एका विषयाचा लेखक. पण त्यांचं लेखन उघडून बघा. त्यात पक्षी आहेत, झाडं आहेत, मासे आहेत, संस्कृत ग्रंथ आहेत, आदिवासींच्या तोंडचे शब्द आहेत, मोटेवरची आणि पाणवठ्यावरची माणसं आहेत. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. म्हणजे एक विषय म्हणता म्हणता त्यात किती विषय आले! जंगल हा एक विषय आहे असं आपण शहरातून म्हणतो. आत गेलेल्या माणसाला ते तसं दिसत नसावं.

दुसऱ्या बाजूला विंदा करंदीकर. ‘स्वेदगंगा’ लिहिणारा हा कवी, मुलांसाठी ‘राणीची बाग’ लिहितो, विरूपिका लिहितो, ललितनिबंध लिहितो, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणतो, ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’ आणतो, आणि ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ आजच्या मराठीत मांडतो. 2003 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, तो या सगळ्यासह मिळाला. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं, ‘व्यासपर्व’ लिहिलं, लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि स्वयंपाकावर ‘खमंग’ही लिहिलं. यांना भाराभर चिंध्या कोण म्हणेल?

म्हणजे दोन्ही वाटांनी मोठी माणसं गेली आहेत. मग प्रश्न सुटला का? नाही सुटला. कारण ही सगळी मोठी माणसं. तुमच्या-माझ्यासारख्या मध्यम वकुबाच्या माणसानं काय करावं? म्हणून आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती फारशी अभिमानाची नाही.

माझा पहिला कवितासंग्रह 1999 साली आला. त्यात घर होतं, अम्मा होती, मोहल्ला होता, मोहरमचे ताबूत होते आणि त्यापुढे नवस बोलणाऱ्या हिंदू आयाबायाही होत्या. संग्रह बरा गेला. आणि त्यानंतर मला फोन यायला लागले. रमजान लागला की फोन : उपवासाचं महत्त्व यावर आठशे शब्द द्या. ईद आली की फोन : शीरखुर्म्यावर चारशे शब्द द्या. कुठं दंगल झाली की फोन : सलोख्यावर कविता आहे का? मी देत गेलो. नाव होत होतं, चार पैसेही मिळत होते. त्या मुलाला लोक जे सांगतात, ‘एक विषय धर, लोक ओळखतील,’ ते माझ्या बाबतीत शब्दशः खरं झालं होतं.

मग एका दिवाळी अंकाला मी विहिरीवरची एक कविता पाठवली. आमच्याकडे दुष्काळ पाचवीला पुजलेला. आटलेल्या विहिरीचा गाळ काढणाऱ्या माणसांवरची ती कविता होती. संपादकांचं पत्र आलं. पत्र सौजन्याचं होतं. लिहिलं होतं, ‘कविता चांगली आहे, पण आपल्याकडून आपल्या समाजाच्या अनुभवाची अपेक्षा आहे.’

श्रोतेहो, गाळ काढताना मी त्या विहिरीत उतरलो होतो. माझ्या पायाला तो गाळ लागला होता. आणि मला सांगण्यात येत होतं की विहीर हा माझा अनुभव नाही. ज्या मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी ‘योगसंग्राम’ लिहिला, ज्या मराठीत आमच्या बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारली, त्याच मराठीत मला एक खोली नेमून दिली जात होती. तिच्या दारावर पाटीही दुसऱ्यानंच लावलेली.

मी चिडलो. आणि चिडून जे केलं, ते चुकीचं केलं.

मी ठरवलं की आता घरातलं एक अक्षर लिहायचं नाही. विषय बदलायचे. पाऊस, एस.टी. स्टँड, ऊसतोडणी कामगार, रेल्वेचं फाटक, बाजार. एका स्थानिक साप्ताहिकात सदर सुरू केलं, त्यात तर दर आठवड्याला नवा विषय. लिहायला मजा यायची. पण एकदा फजिती झाली. श्रावणावर लिहिताना मी तुरीची पिवळी फुलं वाऱ्यावर डोलवली. तिसऱ्या दिवशी बाजारात एका शेतकऱ्यानं मला गाठलं. म्हणाला, ‘‘कवीसाहेब, आमच्या तुरीला दिवाळीच्या सुमारास फूल येतं. श्रावणात तुमच्याकडं कुठली तूर?’’ भोवतीचे लोक हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान तापलेले होते. मी शेताच्या कडेनं एस.टी.तून जात होतो आणि शेतीवर लिहीत होतो. चाचांनी बाहेरून बघून कुणाचा कुकर दुरुस्त केला नव्हता. ते आधी तो खोलायचे.

या काळात माझा दुसरा संग्रह आला. 2007 साल. बेचाळीस कविता. त्यात एकही दखनी शब्द नाही, ईद नाही, अम्मा नाही. परीक्षणं चांगली आली. अम्माला मराठी वाचता येत नसे. माझ्या मुलीनं तिला तो संग्रह सलग दोन दुपारी वाचून दाखवला. अम्मा वाकळ शिवत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं मला विचारलं, ‘‘इस में अपने घर का कुछ नै क्या रे?’’

मी तिला म्हणालो, ‘‘अगले वाले में है.’’

2009 साली अम्मा गेली.

अम्मा जात्यावर गाणी म्हणायची. दखनी गाणी. दखनीत जात्यावरच्या गाण्यांची फार जुनी परंपरा आहे. सूफींनी ती बायकांसाठी रचली, त्यांना ‘चक्कीनामा’ म्हणतात. पण अम्माची गाणी कुठल्या पोथीतली नव्हती. त्यात पीर होते, विठोबाही एकदा यायचा, सासर होतं, आमच्या गावच्या ओढ्याचं नाव होतं. पहाटे जात्याची घरघर आणि त्यावर तो आवाज, यात मी लहानाचा मोठा झालो. माझ्या मराठी कवितेला जी काही लय आहे, ती तिथून आली. ती गाणी लिहून घ्यायला मला दहा वर्षं मिळाली होती. वही होती, पेन होतं, आई समोर बसलेली होती. मी लिहून घेतली नाहीत, कारण तो ‘विषय’ माझ्यावर लादला गेला आहे, असं मला वाटत होतं. ज्यांनी पाटी लावली, त्यांच्यावरचा राग मी स्वतःच्या घरावर काढला.

ती गेल्यावर बहिणीला घेऊन बसलो. तिला चार गाणी बरीचशी आठवली, दोन अर्धी. मला चाली आठवतात, शब्द नाहीत. अजूनही पहाटे एखादी चाल ओठांवर येते आणि तिच्यात घालायला माझ्याजवळ काही नसतं.

म्हणून त्या मुलाला मी चटकन उत्तर देऊ शकलो नाही. एक विषय धरावा की अनेक, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे : तो विषय तुम्हाला कुणी दिला? बाजारानं दिला असेल, संपादकानं दिला असेल, तर तो एक असो की दहा, त्यात तुम्ही भाडेकरूच. आणि कुणाच्या रागापोटी सोडला असेल, तरी तो निर्णय तुमचा नव्हेच. मला हे कळायला एक माणूस गमवावं लागलं.

हमीद दलवाईंचा विचार मी पुष्कळदा करतो. ‘लाट’मधल्या कथा आणि 1965 सालची ‘इंधन’ ही कादंबरी लिहिणारा तो किती ताकदीचा लेखक होता! पुढे 1966 साली त्यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं आणि एकाच प्रश्नाला स्वतःला वाहून घेतलं. 1977 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या मतांशी कुणाचं जुळेल, कुणाचं जुळणार नाही. वाचक म्हणून मला त्यांच्या न लिहिलेल्या कादंबऱ्यांची हळहळ वाटते. पण एक नक्की, तो प्रश्न त्यांना कुणी नेमून दिलेला नव्हता. त्यांनी तो निवडला आणि त्याची किंमत मोजली. तिथं ‘एक की अनेक’ हा हिशेबच लागू पडत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. तुम्ही माहिती देणारं लिहिणार असाल, कायद्यावर, शेतीवर, आरोग्यावर, तर मात्र खुशाल एक विषय धरा. वाचक तुमच्या भरवशावर औषध घेईल, बियाणं पेरेल. तिथं हौस कामाची नाही. दहा वर्षं वाचा, माणसांना भेटा, चुका कबूल करा. पण कथा-कविता, ललित लिहिणाऱ्यानं दारं बंद करू नयेत. त्यानं सगळीकडे जावं. फक्त जाईल तिथं गाडीतून खाली उतरावं.

आणि त्या म्हणीबद्दल. अम्माची शेवटची वाकळ माझ्याकडे आहे. तिच्यात अब्बांच्या सदऱ्याचे तुकडे आहेत, माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा आहे, चाचांची लुंगी आहे, पिठाच्या पिशवीचं कापड आहे. भाराभर चिंध्याच. पण वाकळ शिवायला बसताना अम्मा आधी एक धड लुगडं अंथरायची. जुनं, विरलेलं, पण अखंड. त्यावर चिंध्या पसरायची आणि मग दोरा घालायची. लुगडं नसेल तर चिंध्या गळून जातात. नुसतंच लुगडं असेल तर थंडी जात नाही. तेव्हा त्या म्हणीतली ‘धड’ आणि ‘चिंध्या’ यांचं भांडण आमच्या घरात तरी कधी नव्हतं. मीच ते लावलं.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘तू क्रिकेटवर, सिनेमावर, राजकारणावर लिहितोस. तुझे वडील काय करतात?’’

तो जरा ओशाळला. म्हणाला, ‘‘सायकलींचं दुकान आहे. पंक्चर काढतात. त्यावर काय लिहायचं सर?’’

मी म्हटलं, ‘‘लिहू नकोस. आधी त्यांना विचार, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवल्यावर दोन ठिकाणी बुडबुडे आले तर ते आधी कुठलं पंक्चर काढतात, आणि का. ते सांगतील ते वहीत उतरवून ठेव. क्रिकेटवरचं लिखाण चालू राहू दे.’’

तो हसला. विचारतो म्हणाला. अजून परत आलेला नाही. मी वाट बघतो आहे.